भिंतीपलीकडे पाणी

१२ एप्रिल, मंगळवार

राग आला की वहीत लिहायचं, हात उचलायचा नाही, असं मिस्टर प्रुइट म्हणाले. कोर्टाने मला त्यांच्या वर्गात बसवलंय. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडून आमच्यासारखे सगळे भडक डोक्याचे तिथे बसतात आणि कागदी कपातून पांचट कॉफी पितात. प्रुइटांचे हात लोण्यासारखे मऊ आहेत. या माणसाने जन्मात कुणाला ठोसा मारला नसेल, आणि हा आम्हाला शिकवणार. असो. लिहा म्हणतो तर लिहितो.

फेब्रुवारीत पेट्रोल पंपावर मी कॉय हॅटमेकरचा जबडा मोडला. तो चारचौघांत म्हणाला की व्हर्लिन स्टॅम्परची, म्हणजे माझी, नोव्हा गाडी चढाला लागली की म्हातारीसारखी धापा टाकते. सगळे खो खो हसले. मी एकच ठोसा मारला. जज म्हणाले तीन. जजसाहेब तिथे नव्हते, मी होतो. पुन्हा कुणावर हात टाकला तर वर्षभर आत, असा निकाल.

त्याच आठवड्यात माझी बायको नडीन आईकडे निघून गेली. मार्चअखेर परत आली ती अट घालून. पुन्हा मारामारी झाली तर ती जाणार, आणि मग मी दारात लोळण घेतली तरी यायची नाही. मी हो म्हटलं. ती नव्हती तेव्हा मी महिनाभर उभ्याउभ्या डब्यातले बीन्स खाल्ले. मला ती घरात हवी आहे. हे तिच्या तोंडावर म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून इथे लिहिलं.

१६ एप्रिल, शनिवार

कॉयच्या जबड्याच्या तारा काढल्या. ते आज पंपावर कळलं, कारण तो पुन्हा बोलायला लागलाय.

"काय रे व्हर्लिन, हात बांधले म्हणे तुझे! मग बायकोच लढणार का आता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी दोन्ही हात पँटच्या खिशात खुपसले आणि म्हणालो, "हात नाही, गाडी वापरतो. नदीकाठचा सरळ रस्ता, मेच्या चौथ्या रविवारी, उजाडता उजाडता. हरेल त्याने गाडीचे कागद द्यायचे."

रविवारी उजाडता पोलीस न्याहारीला बसतात आणि बाकीचं गाव चर्चसाठी दाढ्या करतं. आमच्याकडे सगळी भांडणं त्याच वेळी त्याच रस्त्यावर मिटतात. वडिलांच्या काळापासून असंच आहे.

कॉय म्हणाला, "म्हातारीला काठी घेऊन ये."

मी मारलं नाही. घरी येऊन नडीनला सांगितलं की बघ, मारलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं." आणि मक्याच्या पावाचं पीठ ढवळत राहिली. माझ्या मते ती खूश आहे.

१९ एप्रिल, मंगळवार

नोव्हाला दम नाही कारण तिला श्वास घेता येत नाही. इंजिनाच्या डोक्यावर ओतीव लोखंडाचे दोन ठोकळे बसतात, त्यांना हेड म्हणतात. त्यांच्या पोटातल्या वाटांनी हवा आणि पेट्रोल आत जातं, धूर बाहेर पडतो. वाटा अरुंद असल्या की घोड्याचं नाक दाबून त्याला पळवल्यासारखं होतं. शहाण्या लोकांची तयार हेडं दुकानात मिळतात, पण गिरणीत लाकडं कापणाऱ्याच्या पगारात नाही. आमच्यासारखे लोक भंगारातून जुनी हेडं आणतात आणि आपल्या हाताने आतून घासतात.

नडीनचा धाकटा भाऊ लीलंड मला भंगारवाल्याकडे घेऊन गेला. पोरगा मोजकंच बोलतो. त्याने स्वतःच्या गाडीची हेडं घासली आहेत आणि ती गाडी सुसाट पळते, एवढं मान्य करावंच लागेल. टोकाला दोन कुबडांची खूण ओतलेली हेडं त्याने शोधून काढली. ही जुनी आणि चांगली, सगळे यांच्याच मागे असतात.

मग त्याने गंज खाल्लेलं, तडा गेलेलं तिसरं एक हेड ओढून काढलं. "हे पण घे. याचे आधी करवतीने उभे काप करू."

"कशाला? लोणचं घालायला?"

"भिंत कुठे जाड, कुठे पातळ, ते डोळ्यांनी दिसतं. वाटेच्या भिंतीपलीकडे सगळीकडे पाणी खेळत असतं, व्हर्लिन. बाहेरून कळत नाही."

"मला कळतं. मी आंधळा नाही."

"मी पण पहिल्यांदा कापूनच शिकलो."

"तू शिकलास, कारण तुला येत नव्हतं."

त्याने ते हेड मुकाट्याने परत ढिगावर टाकलं. असले लोक मला आवडत नाहीत. भांडायचं असेल तर तोंडावर भांड.

२३ एप्रिल, शनिवार

काम सुरू. वाट कुठवर रुंद करायची त्याची रेघ मारायला दुकानात निळा रंग मिळतो. त्यापेक्षा नडीनची लाल नेलपॉलिश स्वस्त. अख्खी बाटली संपली. ती म्हणाली, "आईने दिली होती ती." मी म्हणालो, दुसरी आणू.

गिरणीतल्या मेकॅनिककडून हवेवर चालणारा ग्राइंडर उसना आणला. त्याचं टोक लोखंडात घुसलं की दात ओरबाडल्यासारखा आवाज येतो, ठिणग्या नाहीत, नुसत्या तापल्या सुया उडतात. मनगटावर, मानेवर, बनियनच्या आत. नाक शिंकरलं की काळं निघतं. मी दिवसभर हाणत होतो. प्रत्येक वाट ही कॉयचा घसा आहे असं मनात धरलं. प्रुइटांना हे सांगितलं तर ते म्हणतील की छान, राग कामात वळवलात.

खरंच छान वाटलं.

२८ एप्रिल, गुरुवार

आज लीलंडने घात करायचा प्रयत्न केला. म्हणजे बोलून. आला, टॉर्च घेऊन वाटांत डोकावला आणि शीळ घातली.

"केवढ्या केल्यास या! व्हॉल्व्हच्या खाली जी वाटी असते तिथे थोडं घासायचं. बाकीच्याला हात लावायचा नाही. आणि हा आरसा कशाला केलास?"

आरसाच होता. सॅंडपेपरच्या गुंडाळ्या फिरवून मी आत असा काही लखलखाट केला होता की त्यात दाढी करावी.

"हवेला गुळगुळीत वाट लागते."

"पेट्रोलला थोडी खडबडीत लागते, नाहीतर ते भिंतीवरून नुसतं ओघळतं. आणि वाट फार मोठी झाली की वारा मंदावतो, व्हर्लिन. रस्त्यावर ही गाडी कमी वेगात जोरच—"

माझ्या हातात मोठा पाना होता. तो त्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यात रुतला. मी मारलं नाही. लागला असता तर मारलं म्हणता आलं असतं. लीलंडने पाना पत्र्यातून उपसला, बाकावर ठेवला, आणि घरात जाऊन नडीनशी बराच वेळ बोलत बसला. काय बोलले ते मला सांगितलं नाही. बहीणभावाचं काहीतरी असेल.

३ मे, मंगळवार

हे कुणाला सांगणार नाही, फक्त इथे लिहितो.

शेवटच्या वाटेच्या छताला जरा जास्त जोर लावला. ग्राइंडरचा आवाज एकदम बदलला, जाड होता तो पातळ झाला. मी थांबलो. मग वाटलं, घाबरायला मी काय लीलंड आहे? पुन्हा हाणलं. चकचकीत लोखंडात टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. मी सिगारेटचा धूर वाटेत फुंकला आणि तो पाण्याच्या भोकातून बाहेर आला.

हेड उचलून भिंतीवर फेकावंसं वाटलं. उचललंही. पण ते जड असतं, आणि दुसरं घ्यायला पैसे नाहीत.

दोन नळ्यांचा गोंद येतो, लोखंडासारखा घट्ट होतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं. तो कालवून भरला, सुकल्यावर घासला, वर पॉलिश केलं. आता मलाच शोधून सापडत नाही. पाकिटावर लिहिलंय म्हणजे खरंच असणार.

५ मे, गुरुवार

लीलंडने बोट घालून वाटा तपासल्या. शेवटच्या वाटेत बोट थांबलं.

"इथे काय आहे?"

"लोखंड."

त्याने बोट तिथेच पुन्हा फिरवलं. मग म्हणाला, "माझ्याकडे याच जातीचं एक हेड पडून आहे. घासलेलं नाही, पण धडधाकट आहे. ते लाव. मी फुकट देतो."

फुकट! मी काय भिकारी आहे? मी ग्राइंडर सुरू केला आणि तो जाईपर्यंत बंद केला नाही.

७ मे, शनिवार

कॉयने बाजाराच्या आवारात माझ्या नोव्हाचे पुढचे दोन्ही दिवे बॅटने फोडले. काचा बुटांखाली चुरत माझ्या तोंडासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मार ना. मार, वर्षभर जा आत."

मी मारलं नाही. घरापर्यंत गाडी कशी आणली आठवत नाही. घरात शिरलो आणि भांड्यांची मांडणी भिंतीवरून उपटली. ताटं, कप, नडीनला लग्नात मिळालेला काचेचा मोठा वाडगा, सगळं गेलं. शेवटी बुक्की भिंतीत बसली, नडीन उभी होती तिथून हातभरावर. प्लास्टर खाली पडलं आणि माझं डोकं शांत झालं.

कुणाला लागलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण प्रुइटांना प्रगती दाखवायची असते.

नडीनने काचा गोळा केल्या. मी म्हणालो, मी मदत करतो. ती म्हणाली, "नको, तू बस." फार समजूतदार बाई आहे. हल्ली ती बाहेरच्या सोफ्यावर बूट घालूनच झोपते. पाय गार पडतात म्हणे. मे महिन्यात!

१५ मे, रविवार

आज इंजिन सुरू केलं.

बाप रे. काय आवाज होता! शेजारच्या आवारातल्या कोंबड्या छपरावर चढल्या. रस्त्यावर काढली आणि पाय दाबला तर मान मागे फेकली गेली. कमी वेगात जरा अडखळते, पण एकदा वेग पकडला की रानडुकरासारखी सुटते. मी एकटाच गाडीत ओरडत होतो. कॉयचा जबडा, कॉयचा जबडा.

घरी आलो तेव्हा मागून पांढरा धूर येत होता. थंड हवेत येतो तसा. हवा थंड नव्हती. रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी कमी झालं होतं. झाकण सैल असेल.

लीलंड फाटकाशी उभा होता. त्याने धुराचा वास घेतला. "गोडसर वास येतोय. पाणी जळतंय आत, त्यातल्या कूलंटचा वास आहे हा. रविवारी पळवू नकोस, व्हर्लिन. हेड काढू या. आपण दोघं मिळून माझं हेड शनिवारपर्यंत बसवू."

"आणि नाही बसलं तर? कॉय म्हणेल स्टॅम्पर पळाला."

"म्हणू दे की. तोंडच आहे त्याचं."

तोंडच आहे! ज्याला लाज नाही त्याला असं बोलता येतं.

१८ मे, बुधवार

गिरणीतून येताना पाहिलं, लीलंड आणि कॉय हॅटमेकर पंपाच्या मागे बोलत होते. लीलंड हात जोडल्यासारखं काहीतरी करत होता आणि कॉय मान हलवत होता. मला पाहिल्यावर लीलंड गप्प झाला.

नडीनला विचारलं. ती म्हणाली, "शर्यत रद्द कर म्हणून विनवायला गेला असेल." भावाची बाजू घेणारच ती.

मी सगळं जुळवलं. हेडं कापू या म्हणणारा तोच. वाटा मोठ्या करू नको म्हणणारा तोच. पळवू नको म्हणणारा तोच. पहिल्यापासून याला मी हरायला हवा आहे.

२२ मे, रविवार

बोटं सुजलीत, तरी लिहितो.

उजाडलं तेव्हा नदीवर धुकं होतं. दोन्ही बाजूंना गावातले तीसचाळीस लोक. लीलंड आधीच आला होता. मी कागद आणायला गेलो तेवढ्यात त्याने माझ्या गाडीचं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी भरलं. "कमी होतं," म्हणाला.

रुमाल पडला आणि आम्ही सुटलो. कॉय सुरुवातीला एक गाडीभर पुढे. मग माझ्या नोव्हाने वेग धरला आणि मी त्याच्या दारापर्यंत आलो. त्याचं तोंड दिसत होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि हसत नव्हता. आणि तेवढ्यात समोर सगळं पांढरं झालं. वाफ, नुसती वाफ. खालून कुणी घण घातल्यासारखा दणका बसला, पिस्टनचा दांडा इंजिन फोडून बाहेर आला, तेल आणि पाणी चाकांवर उडालं. गाडी गरागरा फिरली, कुंपणाचे खांब तोडत चरात गेली. माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. तोंडात रक्त. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते.

कागद कॉयला तिथेच दिले. त्याने ते उघडूनही पाहिले नाहीत. चरात थुंकला आणि म्हणाला, "हे भंगार तुझंच ठेव."

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

गाडी ओढून घरी आणली, नऊ वाजेपर्यंत इंजिन काढून शेडमध्ये साखळीला टांगलं. तळाशी तेल नव्हतं, दुधाची कॉफी होती. तेलात पाणी. आज सकाळी पाणी कुणी ओतलं? लीलंडने. तो शेडमध्ये आला तेव्हा मी त्याला तेच विचारलं.

"मी रेडिएटरमध्ये घातलं. तिथूनच ते आत गेलं. तू भिंत फोडली होतीस, व्हर्लिन. गोंद माझ्या बोटाला लागला होता."

"कॉयने किती दिले?"

"कुणी काही दिलं नाही. मी त्याला म्हटलं, माझी गाडी घे आणि शर्यत सोड. तो नाही म्हणाला."

आपली गाडी कुणी अशी देतं? यावर कोण विश्वास ठेवेल?

मी त्याला मारलं. पहिला ठोसा नाकावर बसला. तो पडला नाही, हातही उचलला नाही, नुसता म्हणाला, "पुरे." त्या 'पुरे'ने माझं उरलंसुरलं डोकं गेलं. जबड्यावर, बरगड्यांवर, पडल्यावर लाथा. उजव्या हाताने तो तोंड झाकत होता, मी त्या हातावर टाच दिली आणि आत काहीतरी मोडल्याचं बुटातून कळलं. मी थांबलो तो दमलो म्हणून. शेडच्या दारात नडीन उभी होती. किती वेळ ते माहीत नाही. ती ओरडली नाही.

तिने त्याला एकटीने उचलून त्याच्याच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. जाताना मोठी बॅग पण नेली. कपड्यांना रक्त लागलं असेल, बदलायला लागतील म्हणून.

संध्याकाळी येईल. मी बीन्स भिजत घातलेत.

२३ मे, सोमवार

नडीन आली नाही. दवाखान्यात राहिली असेल.

सकाळी हेड उघडलं. शेवटच्या वाटेतला गोंद पार निघून गेलाय, त्या जागी आता करंगळी जाईल एवढं भोक आहे. म्हणजे गोंद खोटा होता. लोखंडासारखा म्हणे! ज्याने मला तो विकला त्याच्या घशात नळ्या कोंबल्या पाहिजेत.

पण मग लीलंडने तेलात पाणी घातलं नव्हतं, असंही निघतं. ठीक आहे. मी त्याला माफ करायला दवाखान्यात जातो. त्याने कॉयशी बोलायला नको होतं, एवढं तो कबूल करेल. वाटेत नडीनसाठी नेलपॉलिश घेईन.

२४ मे, मंगळवार, जिल्ह्याचा तुरुंग

दवाखान्यात पोलिसांचा डेप्युटी ओगल आधीच बसला होता. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा. लीलंडचं तोंड सुजून भोपळा झालं होतं, जबडा तारांनी आवळलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये.

ओगलने विचारलं, "लीलंड, नीट सांग. कुणी केलं हे?"

लीलंड दातांच्या फटीतून म्हणाला, "साखळी सुटली. इंजिन अंगावर आलं."

माझा ऊर भरून आला. घरातलं पोलिसांना सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला वाटलं, पोराला आपली चूक कळली. मी त्याच्या खांद्यावर थोपटायला पुढे झालो.

तेव्हा नडीन खुर्चीवरून उठली. "साखळी सुटली नाही. याने मारलं. मी दारात होते."

"नडीन," मी म्हणालो, "काय बोलतेस कळतंय का?"

"नडीन, जाऊ दे," लीलंडही म्हणाला.

"मला कळतंय. ओगल, तू लिहून घे."

ओगल मला म्हणाला, "व्हर्लिन, हात दाखव."

मी दाखवले. बोटांची हाडं सोललेली, सुजलेली, दोन्ही हातांची. त्याने कमरेच्या हातकड्या बाहेर काढल्या तेव्हा मी औषधांची गाडी उलथली, खिडकी फोडली, त्याच्या पोटात गुडघा घातला. तिघांनी धरून मला जमिनीवर दाबलं. नडीन भिंतीला चिकटून उभी होती आणि तिने भावाच्या पलंगासमोर हात पसरले होते.

तिच्या भावाने मला वाचवलं आणि बायकोने अडकवलं. यातलं मला काही उमगत नाही. वही प्रुइटांनी आणून दिली. लिहीत राहा म्हणाले.

२९ मे, रविवार

आज भेटीचा वार. ती येणार नाही असं वाटलं होतं. आली. मध्ये टेबल, कोपऱ्यात पहारेकरी.

मी रागावून बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "का सांगितलंस? लीलंडने सगळं सांभाळलं होतं."

"म्हणूनच सांगितलं." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "पुढच्या वेळी साखळी माझ्या अंगावर सुटली असती, व्हर्लिन. आणि लीलंडने, आईने, ओगलने, सगळ्यांनी हेच सांगितलं असतं. साखळी सुटली. बिचारी नडीन तिथे उभी होती."

"मी तुला कधी हात लावलाय? एकदा तरी? सांग ना!"

"नाही लावलास."

"मग?"

मला रडू येत होतं, पहारेकऱ्यासमोर रडायचं नव्हतं. कपाळावरचे केस मागे सारायला मी हात वर केला.

नडीन खुर्चीसकट मागे गेली. खुर्ची कलंडली, ती सावरून भिंतीशी उभी राहिली, दोन्ही हात डोक्यावर. पहारेकरी दोन पावलं पुढे आला. सगळी खोली आमच्याकडे बघत होती.

माझा हात अजून केसांतच होता. मी तो हळूच खाली आणला. मग भेटीची वेळ संपेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, आणि ती भिंतीपासून हलली नाही.